अमायलॉइड पेट: पॉझिटिव्ह म्हणजे अल्झायमर नव्हे

‘पन्नाशी उलटली की मेंदूचा पेट स्कॅन करा, पॉझिटिव्ह आला तर अल्झायमर नक्की, निगेटिव्ह आला तर विसराळूपणाची काळजी मिटली,’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याच्या भरवशावर कुणी स्कॅनची वेळ घेऊ नये. पेट (PET) म्हणजे ट्रेसर, म्हणजे किंचित किरणोत्सारी पदार्थ, शिरेतून देऊन तो शरीरात कुठे जमतो ते दाखवणारा स्कॅन.

‘पॉझिटिव्ह म्हणजे अल्झायमर.’ नाही. फ्लोरबेटापिर, फ्लुटेमेटामॉल, फ्लोरबेटाबेन हे ट्रेसर मेंदूतल्या अमायलॉइडच्या, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणाऱ्या प्रथिनाच्या, साठ्याला चिकटतात, एवढंच. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४० टक्क्यांहून जास्त लोकांत हा साठा सापडतो. लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या वेगळ्या आजारातही तो अनेकदा दिसतो.

‘निगेटिव्ह म्हणजे चिंता मिटली.’ अल्झायमरची शक्यता खरंच कमी होते, आणि हाच या तपासणीचा मोठा उपयोग आहे. पण विसरायला होत असेल तर कारण शोधायचं राहतंच: छोटे स्ट्रोक, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा आजार), थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य.

‘कुठलाही पेट चालतो.’ कॅन्सरसाठी होतो तो बहुधा एफडीजी पेट. तो पेशी ग्लुकोज किती वापरतात ते दाखवतो, अमायलॉइड नाही. म्हणून चिठ्ठीवर ट्रेसरचं नाव हवंच.

‘चित्रात रंग दिसला की रोग.’ सर्वात घातक गैरसमज हा. फ्लोरबेटापिरचा ३७० मेगाबेक्वेरल, म्हणजे १० मिलिक्युरी, इतका किरणोत्सारी डोस शिरेतून देतात. ३० ते ५० मिनिटांनी १० मिनिटांचा स्कॅन होतो. व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूचा आतला पांढरा भाग, निरोगी माणसातही ट्रेसर धरतं. निगेटिव्ह स्कॅनमध्ये त्याची फांद्यांसारखी नक्षी ग्रे मॅटरपासून, म्हणजे बाहेरच्या करड्या थरापासून, स्पष्ट वेगळी दिसते. पॉझिटिव्हमध्ये ही सीमा पुसली जाते. पेशंटचं डोकं हललं तरी ती पुसट होते, आणि मेंदू फार आकसला असेल तर कॉर्टेक्सची, म्हणजे त्याच बाहेरच्या थराची, पट्टी इतकी पातळ होते की वाचताना चूक होते. म्हणून सीटी किंवा एमआरआय शेजारी ठेवूनच वाचायचं. वेळही पाळायला हवी: ट्रेसरमधलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे पेशंट दोन तास उशिरा आला तर त्याच्यासाठी मोजलेला डोस निम्म्याहून कमी उरतो.

मग करावा कुणी? स्मृतीच्या चाचण्यांत घसरण दिसली, रक्ततपासणी आणि एमआरआय झाले, तरी कारण कळत नाही, अशांनी. पासष्टीच्या आत त्रास सुरू झालेल्यांनी. किंवा लेकॅनेमॅबसारखं अमायलॉइड हटवणारं औषध सुरू करायच्या आधी, कारण त्यासाठी अमायलॉइड असल्याची खात्री लागते. काहीच त्रास नसलेल्यांनी केवळ वय झालं म्हणून हा स्कॅन करू नये.