तारांकित मतदार कसे व्हावे

हॉटेलांना पाच मिळतात, मला दोनच मिळाले. पण फुकटात मिळाले, तेव्हा कुरकुर नको.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान होतं. शाळेची वर्गखोली, पोरांचे बुटके बाक, त्यात गुडघे न मावणारे मतदान अधिकारी. त्यांनी माझ्या नावाखाली पट्टी धरली, थबकले आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "दुबार आहेत हे." अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. जणू आता मी खिशातून आणखी एक बोट काढणार.

माझं नाव असं आहे, की गल्लीत हाक मारली तर चार जण वळतात. वडिलांचंही तसलंच. दुसऱ्या एका प्रभागात याच नावाचे एक गृहस्थ राहतात, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, पूर्ण टक्कल. आमच्यापैकी एक जण लबाड असणार असा संशय आल्यामुळे यादीत माझ्या नावापुढे दोन तारे छापले होते. मी हमीपत्र लिहून दिलं की मी इथेच मत देणार, दुसरीकडे जाणार नाही. पेन माझंच. लिहिता लिहिता त्याच पानावर तीन ओळी वर नजर गेली. आमच्या शेजारचे आजोबा! २०१७ साली गेले. त्यांच्या नावापुढे तारा नाही. बरोबरच आहे, ते स्वतःच तारा झालेत.

असा थोर अनुभव एकट्याने पचवणं बरं नव्हे, म्हणून होतकरू मतदारांसाठी या सूचना.

बाळाचं नाव ठेवताना रास-नक्षत्र बघू नका, मतदार यादी बघा.

जन्म शक्यतो १ जुलै १९८७ च्या आधी घ्या. बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीची विशेष फेरतपासणी झाली, तेव्हा ज्यांना ही दूरदृष्टी नव्हती आणि २००३ च्या यादीत ज्यांचं नावही नव्हतं, त्यांच्याकडे स्वतःच्या कागदाबरोबर आईचा किंवा वडिलांचा कागद मागितला. २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांकडे दोघांचाही. चालणारे कागद अकरा प्रकारचे, आणि जे सगळ्यांच्या खिशात असतं ते आधार कार्ड त्यात नव्हतं! ते बारावं म्हणून घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला ८ सप्टेंबरला सांगावं लागलं. तोवर प्रारूप, म्हणजे कच्च्या यादीतून ६५ लाख नावं गळलेली होती. कोणती गळली आणि का, ते लोकांना कळू द्या, हेही न्यायालयानेच सांगितलं. आपल्याकडच्या त्या सोहळ्यासाठी आजीच्या ट्रंकेची किल्ली हाताशी असू द्या.

घर क्रमांक शून्य असला तरी लाजू नका. नंबर नसलेल्या घराला शून्य देतात, असा खुलासा खुद्द मुख्य निवडणूक आयुक्तांनी केलाय.

मतदान यंत्राबद्दलचं मत निकालानंतरच बनवा. हरलो तर यंत्र, जिंकलो तर जनता.

टक्केवारीवर वाद घालायचा असेल तर हातात कागद नसलेला बरा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के, रात्रीचा ६५.०२. वर्ष उलटलं तरी चर्चा चालूच आहे. मतदान संपताना प्रत्येक केंद्रावर किती मतं पडली याचा हिशेब फॉर्म १७-सी वर लिहितात आणि हजर असलेल्या पोलिंग एजंटला त्याची प्रत मिळते. ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवावी आणि शर्ट धुवायला टाकावा. बेरीज केली तर वाद संपण्याची भीती असते.

पुरावा म्हणून मतदान केंद्रातलं चित्रीकरण मागू नका. निकालानंतर पंचेचाळीस दिवसांनी ते पुसायची मुभा आहे, निवडणूक याचिकेची मुदतही तेवढीच. आणि त्या पंचेचाळीस दिवसांत मागाल, तर आयाबहिणींचं चित्रीकरण तुम्हाला हवंच कशाला, असं उलट तुम्हालाच विचारतील.

आता तक्रार कुठे करावी, हे जरा नीट समजून घ्या. मी मतदान झाल्यावर गेलो. चारही जागांसाठी चार बटणं दाबून, शाई लावून गेलो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांच्या कार्यालयात आधी गेलो. तिथे कळलं, की यादी त्यांची नाहीच. ती विधानसभेची, १ जुलै २०२५ ची, जशीच्या तशी घेतलेली. हे फक्त प्रभागवार फोडतात. नाव घालणं-काढणं दुसऱ्या, म्हणजे भारत निवडणूक आयोगाकडे. मग तारे कुणी लावले? तारे यांनीच लावले, पण यादी त्यांची. दुसरीकडे गेलो. तिथले साहेब म्हणाले, ही निवडणूक आमची नाहीच, महापालिकेची आहे, तुम्ही तिकडे जा. तिकडूनच आलोय म्हटलं तर हसले. एक आयोग यादी करतो, दुसरा निवडणूक घेतो, आणि मधल्या जिन्यावर मी. नाव जुळलं की तारा, एवढाच यांचा शोध! फोटो ताडून बघायचे होते. बघितले असते तर एकाला केस आहेत आणि एकाला नाहीत, हे पाचवीतल्या पोरानेही सांगितलं असतं. पण फोटो बघायला माणूस लागतो, आणि माणूस दोन आठवडे तिसऱ्याच कामाला जुंपलेला. आजोबांसाठी फॉर्म ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, मी दोनदा भरला. एकदा म्हणाले घरच्यांनी भरावा, जे नियमात नाही; मतदारसंघातला कुणीही मतदार भरू शकतो. दुसऱ्यांदा घेतला. त्याचं काय झालं, देव जाणे आणि आजोबा जाणोत.

जाऊ दे. सूचना पुरे झाल्या.

आयोगवाले हो, जिवंत माणसाकडून हमीपत्र लिहून घेता आणि मेलेल्याला नऊ वर्षं यादीत सांभाळता, लाज वाटत नाही? मी खोटा नाही हे मी का सिद्ध करायचं? यादी स्वच्छ ठेवणं हे तुमचं काम आहे, त्याचा पगार घेता. कुणी बोट दाखवलं की शपथपत्र आणा म्हणता. यादी तुम्ही छापलीत, शपथपत्र तुम्हीच द्या की.

आणि पक्षवाले हो, तुम्ही तर बोलूच नका. मोर्चे काढता, झेंडे नाचवता. विधानसभेच्या वेळी राज्यात ९ कोटी ७० लाखांवर मतदार आणि यादीविरुद्ध अपिलं अवघी ८९, हे आयोग छाती फुगवून सांगतो, कारण तुम्ही त्याला सांगू दिलंत. बूथवर माणूस नेमायचा हक्क तुम्हाला आहे. तो नोव्हेंबरात प्रारूप यादी लागली तेव्हा कुठे होता? आमच्या यादीवर एकाचीही हरकत नाही. आजोबा कुठल्या पक्षाला दिसले नाहीत?

मलाही दिसले नव्हते. मीही ती यादी उघडली नव्हती, रांगेत उभा राहीपर्यंत.

फॉर्म ७ तिसऱ्यांदा भरलाय. आजोबांच्या मुलाकडून मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागवून घेतली आहे, ती जोडली आहे. सोमवारी घेऊन येतोय. या वेळी पोच द्या.