सशाच्या पंगतीत सुबाभूळ

इंदुरात राहून सशासाठी सोयाबीनला पर्याय शोधणं म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन उपास करणं. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात, माळव्याचं रान त्यानंच भरलेलं. तरी डीओसीचा, म्हणजे तेल काढलेल्या सोयाबीन पेंडीचा, भाव चढला, की आम्हा ससेवाल्यांची नजर कुंपणाकडे वळते.

कागदावर सगळी झाडं गुणी. वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात प्रथिनं २५ टक्क्यांच्या आसपास, सुबाभळीत २२च्या पुढे, अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यात २० ते २५. पण अझोलाचा आकडा वाळल्यानंतरचा. ताजा अझोला बहुतेक पाणीच. १० किलो उपसा, धुवा, वाळवा. हाती अर्धा-पाऊण किलो. एवढ्यात गच्ची अडकते आणि पापड वाळवणारे घरचे लोक बोलेनासे होतात.

सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. ती जास्त झाली की केस गळतात. सशातून केस वजा केले तर दाखवायला उरतंच काय? पाला वाळवल्यानं मिमोसिन कमी होतं, जात नाही; म्हणून खाद्यात ५ टक्क्यांवर जायचं नाही. एरंडीची पेंड फुकट मिळाली तरी नको, त्यात रिसिन हे विष. कच्चं सोयाबीन नीट भाजल्याशिवाय नको, प्रथिनं पचूच देत नाही. पावसाळ्यातली शेंगदाणा पेंड आधी हुंगून बघावी. कुबट वास आला तर उकिरडा. वास नसला म्हणजे अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, नाहीच, असं मात्र समजू नये.

वाढत्या पिल्लांसाठी १० किलोचा हिशेब असा: डीओसी १ किलो, शेवग्याचा वाळला पाला दीड, सुबाभूळ अर्धा, गव्हाचा चोकर (कोंडा) अडीच, मक्याचा भरडा दीड, बारीक कापलेलं वाळलं गवत पावणेतीन, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम. प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास, तंतू १५. गवत महाग वाटून कमी केलंत, तर हगवण स्वस्तात मिळते.

एवढं जमवून ताटात वाढलं, की ससा मका निवडून खातो आणि शेवगा तसाच ठेवतो. भुकटी नाकात गेली की शिंकतो, वर आपल्याकडेच रागानं बघतो. ३-४ मिलिमीटरच्या गोळ्या पाडून मिळाल्या तर निवडानिवड संपते. नाहीतर पाणी शिंपडून मळायचं आणि लगेच घालायचं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. नवं खाद्य जुन्यात मिसळत ८-१० दिवसांत बदलावं. आईचं दूध नुकतंच सुटलेल्या पिल्लांना तर आणखी सावकाश. बाधलं तरी ओकून टाकायची सोय सशाला निसर्गानं दिलेली नाही.

हे गल्लीला कोण समजावणार? "भिया, थोडी शेव टाकू का?" ही विचारणा रोजची.

शिवाय ससा स्वतःची सोयही बघतो. रात्री-पहाटे येणाऱ्या मऊ लेंड्या तो थेट तोंडात घेतो. त्यात आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. सकाळी पिंजरा बघायला आलेल्या पाहुण्यांना हे सांगायचं, पण आधी त्यांचे पोहे संपू द्यायचे.