हातच्या काकणाला आरसा कशाला?

अभिनंदन! अमेरिकी पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून तुम्ही रुजू झालात आणि तुमच्या वाट्याला ओएलईडी पडदे, म्हणजे वीज दिली की स्वतःच उजळणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांचे पडदे, आले. टेबलावर अर्जांची चळत आहे. प्रत्येक अर्जाला एकच प्रश्न विचारायचा : या माणसानं जे काही केलंय, ते या विषयातल्या कुठल्याही सर्वसाधारण जाणकाराला सहज सुचलं असतं का? सुचलं असतं, तर ते ‘उघड’. आणि उघड गोष्टीला पेटंट नाही. पेटंट कायद्याचं कलम १०३ एवढंच सांगतं. बाकीचं मी सांगतो.

आधी अर्ज संपूर्ण वाचा. अडचण काय होती, ती कशामुळे येत होती, अर्जदारानं ती कशी सोडवली, आकृतीतला बाण कुठून निघून कुठे जातो, सगळं डोक्यात नीट भरून घ्या. मग फाइल मिटा, डोळे मिटा आणि स्वतःला विचारा, ‘यातलं काहीच मला ठाऊक नसतं, तर हे मला सुचलं असतं का?’ उत्तर दर वेळी ‘हो’ असंच येईल. उत्तर आधी वाचलं की कोडं पोरकट वाटतं, हा मनुष्यस्वभावच आहे. तुम्हाला त्याचा पगार मिळतो, एवढाच फरक. कायदा म्हणतो, अर्ज दाखल होण्याआधीच्या काळात जाऊन उभे राहा. राहा की! फक्त जाताना अर्जाची एक प्रत खिशात असू द्या.

आता एका थोर गृहस्थाची ओळख करून घ्या. त्याला ‘सर्वसाधारण कुशल माणूस’ म्हणतात. त्यानं जगातला प्रत्येक छापील कागद वाचला आहे. कोरियन अर्ज वाचलेत, जपानी अर्ज वाचलेत, कुठल्याशा विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडलेला प्रबंधही वाचलाय. वाचलेलं तो विसरत नाही. तो झोपत नाही, नोकरी बदलत नाही, प्रयोग फसला म्हणून खचत नाही. आणि एवढं असून तो सर्वसाधारण! पूर्वी त्याच्यात एक उणीव होती. दोन कागद एकत्र जोडायचे, तर ‘जोड बाबा’ असं कुठून तरी सुचवलेलं दाखवावं लागे. २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा काच सैल केला. वाद होता मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलवर सेन्सर बसवण्याचा. न्यायालय म्हणालं, हा माणूस म्हणजे काही यंत्र नव्हे, साधारण कल्पकता त्यालाही असते. बोलणं शहाणपणाचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही मात्र त्यातली सोय ओळखा : ही कल्पकता लागेल तेव्हा फुगवता येते आणि काम झालं की हवा काढून ठेवून देता येते.

पिक्सेलमागचं सर्किटच घ्या. सगळ्यात साधं सर्किट म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. उजेड किती हवा त्याचं व्होल्टेज पहिला ट्रान्झिस्टर कपॅसिटरवर नेऊन ठेवतो आणि दुसरा त्या मापानं प्रवाह सोडतो. कागदावर झकास चालतं. पडद्यावर डाग दिसतात. ओएलईडीचा उजेड प्रवाहावर अवलंबून असतो आणि लेसरनं वितळवून बनवलेल्या पॉलिसिलिकॉनमधले शेजारशेजारचे दोन ट्रान्झिस्टरही जुळे नसतात. प्रत्येकाचं सुरू होण्याचं व्होल्टेज थोडं पुढेमागे असतं आणि एवढासा फरकही डोळा पकडतो. म्हणून लोकांनी हा फरक आधीच कपॅसिटरवर साठवून ठेवून वजा करण्याच्या युक्त्या काढल्या. दोनाचे तीन झाले, पाच झाले, सात झाले.

तुम्ही यात शिरू नका. तुम्ही मोजा. ‘अ’ कागदात सहा ट्रान्झिस्टर आहेत, ‘ब’ कागदात एक आहे. सहा आणि एक सात. ‘ब’ कागद लिक्विड क्रिस्टलच्या पडद्याचा आहे की प्रिंटरचा, याची चौकशी करू नका. बादरायण संबंधाला तुमच्या गाडीचं चाक बोरीचं आणि माझ्या दारात बोरीचं झाड एवढं पुरतं. इथे तर दोन्हीकडे चक्क ट्रान्झिस्टर आहे.

अर्जदार कुरकुर करेलच. त्याच्यासाठी जुने निकाल हाताशी ठेवा. एखादा भाग दुप्पट केला असेल, तर १९६० चा हार्झा निकाल. भागांची जागा बदलली असेल, तर १९५० चा जापिक्से. थराची जाडी किंवा मिश्रणाचं प्रमाण बदललं असेल, तर १९५५ चा ॲलर. कागद फारच झाले अशी तक्रार आली, तर १९९१ चा गॉर्मन. कागदांची संख्या जास्त आहे एवढ्यानं काही बिघडत नाही, असं त्यात म्हटलंय. यातला हार्झा बांधकामाच्या सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून बसवायच्या पट्टीचा आहे, जापिक्से हायड्रॉलिक प्रेसच्या बटणाचा, ॲलर रसायनाच्या कारखान्यातल्या तापमानाचा आणि गॉर्मन अंगठ्याच्या आकाराच्या लॉलीपॉपचा. अंधारात उजळणाऱ्या पडद्याचा निवाडा पाण्याची पट्टी, प्रेस आणि लॉलीपॉप यांच्याकडून व्हावा, यात कायद्याची समदृष्टी आहे. कार्यालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक बारीकशी अट आहे खरी : जुन्या खटल्यातली वस्तुस्थिती तुमच्या अर्जाशी पुरेशी मिळतीजुळती हवी. ते पान जरा भरभर उलटा.

‘जागा बदलली, एवढंच’ हे वाक्य मला विशेष प्रिय आहे. सर्किटमध्ये जागेखेरीज असतं काय? तेच सात ट्रान्झिस्टर, तोच कपॅसिटर. कोण कोणाला कुठे चिकटलाय यावरच सगळा खेळ. पडदा सेकंदाला एकदाच ताजा करायचा म्हटलं, तर कपॅसिटरवर ठेवलेलं व्होल्टेज पुढच्या खेपेपर्यंत टिकायला हवं. गळलं की चित्र लुकलुकतं. म्हणून कोणी तरी नेमक्या गळतीच्या जागचेच ट्रान्झिस्टर कमी गळणाऱ्या ऑक्साइडचे करून पाहतो आणि बाकीचे पॉलिसिलिकॉनचेच ठेवतो. एकाच काचेवर दोन जातींचे ट्रान्झिस्टर घडवताना एकाच्या प्रक्रियेतला हायड्रोजन दुसऱ्याला बाधतो, मग त्यावर आणखी उपाय करावा लागतो. तुमच्या पत्रात हे सगळं एका ओळीत बसतं : ‘एका ज्ञात घटकाऐवजी दुसरा ज्ञात घटक.’

निळ्या सबपिक्सेलचं, म्हणजे पिक्सेलमधल्या निळ्या ठिपक्याचं, क्षेत्रफळ लाल-हिरव्याहून मोठं ठेवलं असेल, तर अर्जदार सांगत बसेल की निळं द्रव्य लवकर म्हातारं होतं, जागा वाढवली की तेवढ्याच उजेडासाठी प्रवाहाची दाटी कमी होते आणि आयुष्य वाढतं. तुम्ही लिहा, ‘आकार ही रचनाकाराची मर्जी.’ मर्जीला कारण नसतं.

जोडणी कशासाठी केली, याचं कारण मात्र तुम्हाला द्यावं लागतं. नुसतं ‘उघड आहे’ म्हणून चालत नाही. घाबरू नका, एकच वाक्य पाठ करा : ‘प्रतिमेचा दर्जा सुधारण्यासाठी.’ हे कधीही फसत नाही, कारण प्रतिमेचा दर्जा बिघडवण्यासाठी पडदा बनवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. ज्याला दर्जा सुधारायचाय त्याला सगळंच सुचतं, हे गृहीतच धरलेलं आहे.

या वाक्याची ताकद पाहायची असेल, तर ते मोठ्या माशावर चालवून बघा. समजा, १९८७ सालचा तो दिवा आज तुमच्या टेबलावर आला. कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांचा. दोन सेंद्रिय थर, मिळून दीडशे नॅनोमीटरहूनही कमी जाड. एका बाजूला पारदर्शक ॲनोड, दुसऱ्या बाजूला मॅग्नेशियम-चांदीचा कॅथोड. आणि दहा व्होल्टच्या आतच लख्ख हिरवा उजेड. आजचे सगळे ओएलईडी पडदे याच दिव्याचे वंशज. घ्या लेखणी. कागद पहिला : १९६३ साली पोप, कॅलमन आणि मॅग्नान्टे यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकाला ४०० व्होल्टच्या आसपास दाब देऊन उजेड काढला होता. कागद दुसरा : निर्वातात पातळ थर चढवणं, जे भिंगांवर कधीपासूनच चाललंय. कागद तिसरा तर अर्जदारानं स्वतःच पुरवलाय, १९८६ सालचा टँग यांचा दोन थरांचा सेंद्रिय सौरघट. त्यात उजेड आत जातो आणि वीज बाहेर येते. कुशल माणसानं तो उलटा धरला, की झालं! जोडण्याचं कारण : व्होल्टेज कमी करण्यासाठी. नामंजूर.

मधल्या चोवीस वर्षांत व्होल्टेज कमी व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, ही गोष्ट तुमच्या बाजूचीच समजा. इतक्या लोकांना हवं होतं, म्हणजे किती उघड असेल पाहा.

याच चालीवर १९९८ चं प्रकरण निकालात काढा. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांच्या गाठी पडतात, तेव्हा साध्या द्रव्यात चारांतली एकच गाठ उजेड देते, तीन वाया जातात. फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या चमूनं प्लॅटिनमचं संयुग घालून त्या तिन्हीही कामाला लावण्याची वाट दाखवली. इथे ‘करून पाहणं उघड होतं’ हा मुद्दा वापरा. त्याला पर्याय मोजके आणि ठाऊक असलेले लागतात, आणि परिणामही आधी सांगता यावा लागतो. पर्याय मोजकेच आहेत; आवर्तसारणीत घरं ती किती, ११८. परिणामाचं म्हणाल, तर तो अर्जात लिहिलेलाच आहे.

एवढ्यात कोणी खवचटपणे विचारेल, की मग या सर्वज्ञ गृहस्थाला निळ्याचं काय झालं? लाल-हिरव्याला चारही गाठी वापरणारी टिकाऊ द्रव्यं मिळाली, पण निळ्यासाठी फोनच्या पडद्यांना वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीवरच भागवावं लागलं. ज्याला सगळं सुचतं, त्याला हे का सुचलं नाही? उत्तर देऊ नका. कोणी तरी जमवून आणेल, अर्ज करेल, आणि त्या दिवशी ते आपल्या माणसाला आधीच सुचलेलं असेल.

‘या गोष्टीची गरज फार दिवसांची होती, इतरांना जमलं नाही,’ असा पुरावा अर्जदार शपथपत्रासह जोडतो. १९६६ च्या ग्रॅहम खटल्यानं, म्हणजे नांगराच्या खटल्यानं, असा पुरावा विचारात घ्यायला सांगितलंय. तुम्ही घ्या. ‘विचारात घेतला, पटला नाही’ हे वाक्य कीबोर्डच्या एखाद्या बटणाला जोडून ठेवा. युरोपातले तुमचे भाईबंद उगाच एक फरक करत बसतात : कुशल माणसाला हे करता आलं असतं का, हा त्यांना प्रश्नच वाटत नाही, त्यानं ते खरोखर केलं असतं का, हा प्रश्न. क्रियापदाच्या एका रूपासाठी एवढा जिवाचा आटापिटा!

तुमच्याबद्दल कोणाला फार कळवळा येऊ नये म्हणून समोरच्या बाजूचंही सांगतो. ते काही बिचारे नव्हेत. एकाच पडद्यावर डझनावारी अर्ज, प्रत्येकाच्या दाव्यात, म्हणजे हक्क नेमका कशावर मागितलाय त्या वाक्यात, ‘किमान एक’, ‘पहिला भाग’, ‘पहिल्याहून वेगळा दुसरा भाग’. दोन छिद्रांमधल्या अंतराचं कुठलं तरी गुणोत्तर आधी कोणी मोजलं नव्हतं, म्हणून ते नवं. जणू कोणी न मोजलेली प्रत्येक गोष्ट हा शोधच. नुसता भुसा असलेले असे अर्ज पाहून पाहून तुमची नजर मरते, आणि मग त्याच ढिगातला एखादा खरा दाणाही भुशाच्याच भावानं जातो. वकिलाचं उत्तरही ठरलेलं : ‘परीक्षकांनी पश्चातबुद्धी वापरली आहे.’ तुमचा साचा त्याच्या साच्याशी बोलतो, त्याचा तुमच्याशी. मधे वर्षं जातात. ज्या फोनसाठी हा पडदा होता, तो फोन बाजारातून जातो.

मग तुम्ही ‘अंतिम नकार’ धाडता. नवखे लोक या शब्दानं दचकतात. अंतिम म्हणजे इथून पुढे बोलायचं असेल, तर पुन्हा शुल्क भरा. ते भरतात.

शेवटी एक दिवस वकिलाचा फोन येतो. तो दमलेला असतो, तुम्हालाही कोटा गाठायचा असतो. ‘मधला थर कॅथोडला स्पर्श करतो, याऐवजी थेट स्पर्श करतो असं लिहिलं तर?’ तुम्ही कागद चाळता. ‘अ’मध्ये ‘थेट’ नाही. ‘ब’मध्येही नाही. दोन थर जोडणारा, सौरघट उलटा धरणारा, ११८ मूलद्रव्यं चाळून बसलेला तो थोर गृहस्थ इथे येऊन अडखळतो. ‘थेट’ काही त्याला सुचलं नसतं. मंजुरीची कारणं एका परिच्छेदात लिहा आणि शिक्का मारा.

चळतीतला पुढचा अर्ज उचला. अर्जदार तोच, आकृत्याही त्याच. दाव्यात ‘थेट’ नाही.