"सुई लावू नका" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

रविवारी तासगावला आत्तीकडं गेलो तर बायोप्सीची (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायची) चिठ्ठी फ्रीजवरच्या डब्याखाली घडी घालून ठेवलेली, तारीख उलटून आठवडा झालेला. विचारलं तर म्हणाली, "मला आता सुई नको रं, त्या मेसेजात सगळं लिहिलंय." भावकीच्या ग्रुपवरचा मेसेज, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आला असणार. कॅन्सरचा प्रकार कधी बदलत नसतो, बदलला म्हणजे पहिला रिपोर्ट खोटा, परत सुई टोचली की गाठ चिडते आणि पसरते, गोळीनंच नवा कॅन्सर होतो, म्हणून सगळं बंद करून हळदीचं पाणी प्या.

प्रकार बदलतो. आत्तीला फुफ्फुसाचा अॅडिनोकार्सिनोमा नावाचा कॅन्सर आहे, ईजीएफआर म्युटेशनवाला, म्हणजे ईजीएफआर या जनुकात बिघाड असलेला, तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नाही. त्या बिघाडावरच्या जेफिटिनिबची रोज एक गोळी, दीड वर्ष बाई बागेत थिनिंगला जात होती. आता गोळी चालू असून गाठ वाढतीय. अशा वेळी काही पेशंटमध्ये तोच कॅन्सर स्मॉल सेल, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा दुसराच प्रकार, होतो. २०११ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गोळी लागू पडेनाशी झालेल्या ३७ पेशंटच्या परत केलेल्या बायोप्सी छापल्या, ५ जणांत स्मॉल सेल निघाला आणि पाचही जणांत जुनंच ईजीएफआर म्युटेशन तसंच होतं. पहिला रिपोर्ट खोटा असता तर ही जुनी खूण नव्या गाठीत आली कुठनं? हां, कधी कधी दोन्ही प्रकार आधीपासून मिसळलेले असतात आणि सुईत एकच येतो, एवढं मान्य. त्याला अपुरा रिपोर्ट म्हणतात, खोटा नाही.

आता ते गाठ चिडण्याचं. याचाच मला जास्त राग आहे, कारण माणूस यानंच घाबरतो. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं फार म्हणजे फार क्वचित घडतं. फुफ्फुसाला सुई लावल्यावर छातीत हवा धरू शकते, तो धोका खरा आहे, म्हणून तर नंतर एक्सरे काढतात. पण सुई नाही लावली तर काय? सीटीत गाठ केवढी ते दिसतं, कसली ते दिसत नाही. रक्तात म्युटेशन सापडतं, पण पेशीचं रूप बदललंय का ते मायक्रोस्कोपखालीच बघावं लागतं. टी७९०एम (ईजीएफआरमधलाच आणखी एक बिघाड, ज्यानं पहिली गोळी चालेनाशी होते) निघालं तर दुसरी गोळी आहे. स्मॉल सेल निघाला तर गोळीवर भागत नाही, कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइडची केमो लागते, आणि बॉस्टनच्या त्या पेशंटना स्मॉल सेलचीच ट्रीटमेंट लागू पडली होती. स्मॉल सेल झपाट्यानं वाढतो हो, आणि इथं एक आठवडा डब्याखाली गेला.

गोळीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. गोळीनं बाकीच्या पेशी मरतात, आरबी१ आणि टीपी५३ ही ब्रेक लावणारी जनुकं बिघडलेल्या पेशी मागं राहतात आणि त्यातल्याच काही रूप बदलतात. पण गोळी नसती तर ते दीड वर्ष कुणी दिलं असतं?

हळद आमच्या घरची, सांगलीच्या पेठेत जाते, आत्तीनं जन्मभर खाल्लीय.

चिठ्ठी मी घेऊन आलोय, गुरुवारची तारीख मिळालीय, मिरजेला सकाळी आठला पोचायचंय. ज्या काकांनी मेसेज टाकला त्यांना एकच विनंती, आत्ती तुमचा शब्द मोडत नाही, बुधवारपर्यंत तुम्हीच तिला फोन करून "जा" म्हणून सांगा.