‘धड्यांतले प्रोग्रॅम चालत नाहीत’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

सर, नमस्कार. आम्ही केलेल्या तुमच्या नव्या साइटला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की पायथनच्या धड्यांतले प्रोग्रॅम एका ओळीत येतात, कॉपी केलेल्या कमांड चालत नाहीत आणि यापेक्षा जुनं वर्डप्रेस बरं होतं. पहिल्या दोन तक्रारी शंभर टक्के खऱ्या आहेत.

प्रोग्रॅम एका ओळीत आले ही चूक सरळ आमची. चौकट देखणी दिसावी म्हणून आम्ही कोड मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवणाऱ्या ‘प्री’ टॅगऐवजी साध्या ‘डिव्ह’मध्ये ठेवला आणि त्या जागा जपायचं काम सीएसएसवर (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांवर) सोपवलं. साइट चढवण्याआधी एचटीएमएल आटोपशीर करणारा मिनिफायर चालतो. त्याला सीएसएसशी देणंघेणं नाही. त्याने नव्या ओळी आणि इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) गोळा करून जागोजागी एकेक स्पेस ठेवली. जावास्क्रिप्ट असती तर बहुतेक वेळा निभावलं असतं, पायथनमध्ये इंडेंट हेच व्याकरण! आमच्या मशीनवर तपासताना मिनिफायर बंद असतो, त्यामुळे आम्हाला सगळं झकास दिसत होतं. चढवलेल्या पानावरून कोड उचलून चालवून बघायला हवा होता. कुणी बघितला नाही, मीही नाही.

कमांडचं दुखणं वेगळं. परिच्छेदातल्या कमांडना आम्ही कोडची खूण केली नव्हती. तुमची साइट तयार करणाऱ्या जेकिल या साधनातलं क्रॅमडाउन (मजकुराचं एचटीएमएल करणारा भाग) साध्या मजकुरात दोन आडव्या रेघा जोडून एक लांब रेघ करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं. पुस्तकात हे शोभतं, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) मात्र एरर देतो. (वर्डप्रेसही साध्या मजकुरात हेच करतं, म्हणून तिसऱ्या तक्रारीशी मी सहमत नाही.) एक चूक तर तुमच्याही नजरेतून सुटली: जँगोच्या (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) धड्यातले दुहेरी महिरपी कंस आतल्या नावांसकट गायब होते. जेकिलमधली लिक्विड ही टेम्प्लेट भाषाही तेच कंस वापरते, तिने ते आपलेच समजून गिळले.

काल रात्री तिन्ही दुरुस्त्या केल्या. या वेळी प्रत्येक प्रोग्रॅम चढवलेल्या पानावरून कॉपी करून चालवला. दोन अजून अडतात. त्यांच्या मूळ फाइलींतच टॅब आणि स्पेस मिसळलेत. तुम्हाला न विचारता हात लावलेला नाही, दोन्ही मेल केलेत. तुमचा फोन दोनदा उचलला गेला नाही, त्याला सबब नाही. विद्यार्थ्यांना अजून जुनंच पान दिसत असेल तर एकदा रिफ्रेश करायला सांगा.