हीप, स्टॅक आणि नसता ताप

कंपायलरमधले बहुतेक बग प्रामाणिक असतात. चूक जिथे, बोंब तिथेच. एस्केप ॲनालिसिसचा, म्हणजे व्हेरिएबल फंक्शनबाहेर निसटतं का हे पाहणाऱ्या टप्प्याचा, बग मात्र स्वतः साळसूद राहतो आणि आळ घेतो नको झालेली मेमरी गोळा करणाऱ्या गार्बेज कलेक्टरवर.

गो भाषेच्या कंपायलरला प्रत्येक व्हेरिएबलचं ठरवावं लागतं: स्टॅक (फंक्शन संपताच मोकळी होणारी मेमरी) की हीप (त्यानंतरही टिकणारी)? पथ्यं दोनच. हीपमध्ये स्टॅकचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, ठेवायचा नाही, आणि वस्तू गेल्यावर तिचा पॉइंटर मागे उरता कामा नये. पथ्य मोडलं तरी प्रोग्राम लगेच आजारी पडत नाही. गोरुटीनचा (गोमधल्या हलक्या थ्रेडचा) स्टॅक सुरुवातीला साधारण २ केबीचा असतो. तो पुरेनासा झाला की रनटाइम अख्खा स्टॅक मोठ्या जागेत हलवतो आणि त्यातले पॉइंटर दुरुस्त करतो. हीपमधल्या त्या चोरट्या पॉइंटरला मात्र कुणी कळवत नाही. घरमालक गाव सोडून गेला तरी हा जुन्याच दाराची बेल वाजवत बसतो. मग एखाद्या दिवशी ‘फाउंड बॅड पॉइंटर इन गो हीप’, आणि वर कंसात सवाल: अनसेफ (पॉइंटरची बंधनं झुगारणारं पॅकेज) किंवा सीगो (सी भाषेशी जोडणी) चुकीचं वापरलंत का? म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

बग पकडायचा तर आधी प्रोग्राम दहा-पंधरा ओळींवर आणा. कंपायलरला ‘-एल’ देऊन इनलाइनिंग (फंक्शनचं कोड कॉलच्या जागीच चिकटवणं) बंद करा, नाहीतर बग त्याच्या आडोशाला लपतो. ‘गोजीसी’ १ वर ठेवा, म्हणजे कलेक्टर सारखा धावेल, आणि खोल रिकर्शनने स्टॅक वाढायला भाग पाडा. मग ‘-एम=२’ लावून कंपायलरचे निर्णय पाहा. ‘मूव्ह्ड टू हीप’ यायला हवं तिथे ‘डझ नॉट एस्केप’ दिसलं, की समजा मुद्देमाल सापडला.

ॲनालिसिसच्या आत असतो एक ग्राफ: व्हेरिएबल म्हणजे बिंदू, असाइनमेंट म्हणजे कडा. साध्या असाइनमेंटच्या कडेचं वजन ०, & (पत्ता घेणं) असेल तर -१, * (पत्त्यावरची वस्तू घेणं) असेल तर १. बहुधा मेथड व्हॅल्यू (मेथड व्हेरिएबलमध्ये ठेवणं) किंवा डिफर (कॉल फंक्शनच्या शेवटावर ढकलणं) अशा आडवाटेच्या रचनेत एखादी कड जोडायचीच राहिलेली असते. अशा वेळी सरळ हीपकडे कड ओढून मोकळं व्हायचा मोह होतो. मला विचाराल तर ही दुरुस्ती नव्हे, पळवाट. क्रॅश थांबतो, पण मेमरी मोजणाऱ्या ‘-बेंचमेम’मध्ये ० ॲलोकेशनचं १ होतं आणि वेगाचे भक्त दारात उभे राहतात. वजन नेमकंच हवं: पॅरामीटरबद्दलच्या ‘लीकिंग पॅरम’ आणि ‘लीकिंग पॅरम कंटेंट’ या संदेशांत पहिल्यात पॉइंटर स्वतःच निसटतो, दुसऱ्यात फक्त तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ते.

मग टेस्ट. फाइलच्या डोक्यावर ‘एररचेक -० -एम -एल’, आणि कंपायलर जिथे जिथे बोलेल त्या प्रत्येक ओळीशेजारी अपेक्षित संदेशाचा रेजेक्स (जुळणीचा नमुना). एरवी मितभाषी असलेला हा प्राणी ‘-एम’ दिल्यावर लग्नातल्या आत्याबाईंना मागे टाकतो, आणि त्याचं एक वाक्य जरी बेवारस राहिलं तरी टेस्ट नापास.

शेवटी ‘ऑल.बॅश’, म्हणजे अख्खं गो बांधून टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट. इथली खरी गंमत म्हणजे गोचा कंपायलर गोमध्येच लिहिलेला आहे, म्हणून तुमच्या दुरुस्त ॲनालिसिसने बनलेला कंपायलर पुन्हा स्वतःलाच कंपाइल करतो. त्यात तो कोसळला, तर आधी ठरवा: चूक तुम्ही लिहिलेल्या कोडमध्ये आहे, की त्या कोडने कंपाइल केलेल्या तुमच्याच कोडमध्ये?