सहा मिलिमीटर नक्षी शिल्लक होती, तरी टायर का काढले?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली तेव्हा रागच आला होता. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली आणि कळलं की त्यातले दोन मुद्दे बरोबर आहेत, राग त्याचाच होता. तेव्हा ‘मतभेदाचा आदर आहे’ असं लिहून सटकत नाही, सविस्तरच उत्तर देतो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी इंग्लंडात वॉरिकशरला राहतो. माझ्याकडे 1972 ची एमजीबी आहे, दोन सीटची उघडी रोडस्टर, तारांच्या चाकांची. (पुण्यात सध्या दिसतात त्या हेक्टरशी हिचं नातं फक्त बिल्ल्यापुरतं. ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, आणि तो 1980 सालीच बंद झाला.) मागच्या वसंतात मी तिचे चारही टायर बदलले आणि जुन्या घडणीचे, अरुंद आणि उंच, 165 आर 14 मापाचे (165 मिलिमीटर रुंद, 14 इंची रिमचे) रेडियल घेतले. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘सहा मिलिमीटर नक्षी शिल्लक असलेले टायर फेकणं म्हणजे पैशाचा माज. त्यात दुप्पट किंमत देऊन सायकलसारखे बारीक टायर घेतलेत. 195/60 घातले असते तर निम्म्या पैशात दीडपट ग्रिप मिळाली असती. चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय, मला शिकवू नका. आणि स्टेपनीचं काय केलंत, ते लिहायला विसरलात.’

स्टेपनीकडे शेवटी येतो.

आधी माज. काढलेल्या टायरांवर 3106 असा आकडा होता, म्हणजे 2006 सालचा 31 वा आठवडा. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: 2000 नंतरच्या टायरवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पूर्ण ओळ बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि माझ्या चारपैकी तीन चाकांवर ती बाजू आत होती. मी पाठीवर झोपून, एका हातात मोबाइलचा दिवा आणि दुसऱ्या हातात दाढीचा आरसा धरून ते आकडे उलटे वाचले. गाडी विकणाऱ्याने जाहिरातीत ‘टायर नव्यासारखे’ असं लिहिलं होतं. दिसत होतेच तसे. वर्षाला हजारभर मैल फिरणारी, एरवी गॅरेजात झाकून ठेवलेली गाडी, नक्षी झिजणार कशी?

पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत जातात. त्याविरुद्ध टायरच्या मिश्रणात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात, ती टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात आणि संरक्षण देतात. रोज धावणाऱ्या टॅक्सीच्या टायरला हा फायदा मिळतो, माझ्यासारख्या रविवारच्या गाडीला मिळत नाही. त्या टायरची नक्षी अंगठ्यांनी फाकवली की खाचेच्या तळाशी केसांएवढ्या चिरा दिसायच्या, एकापुढे एक, उन्हाळ्यात तळ्याच्या काठावर चिखल भेगाळतो तशा. नखाने दाबलं तर खूण उठायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, चिरा असतात, त्याने काय होतं? 2012 च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या दक्षिणेला ए3 रस्त्यावर, एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला. बस झाडावर गेली, तीन माणसं दगावली. टायर 19 वर्षांहून जुना होता, खुद्द बसपेक्षा वयाने मोठा. नक्षी मात्र कायद्यात बसेल एवढी होती. एका मुलाच्या आईने वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे फेब्रुवारी 2021 पासून इथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही. खाजगी मोटारीला तो नियम लागू नाही. त्यात चाळीस वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. म्हणजे माझ्या गाडीच्या टायरचं वय विचारणारं सरकारदरबारी कुणीच नाही. मीच विचारायचं. मिशेलिन कंपनी स्वतः सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. माझे अठरा वर्षांचे होते. याला माज म्हणायचा असेल तर म्हणा.

आता रुंदी. खरा वाद इथेच आहे.

195/60 आर 14 (195 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के) माझ्या चाकांवर बसवणंच चुकीचं आहे. माझ्या तारांच्या चाकाची रिम साडेचार इंची. 195/60 ला किमान साडेपाच इंची रिम लागते. म्हणजे आधी चाकं बदला, मग टायर, आणि निम्म्या पैशांचा हिशेब तिथेच संपला. बरं, साडेपाच इंची अलॉय घेतली असं धरू. माझ्या 165 च्या टायरला बाजूची उंची रुंदीच्या साधारण 82 टक्के, म्हणजे चाकाचा एकूण व्यास सव्वासहाशे मिलिमीटरच्या आसपास. 195/60 चा व्यास 590. गाडी जमिनीकडे 18 मिलिमीटर खाली येते, आणि ती मुळातच इतकी खाली आहे की आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर मी श्वास रोखतो. 70 मैलांच्या वेगाला इंजिन 3900 फेऱ्यांऐवजी सुमारे 4150 वर ओरडायला लागतं. काटा 70 दाखवतो तेव्हा गाडी खरी 66 ने जात असते. हिला पाचवा गिअर नाही आणि माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्हही (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारी जादा गिअरसारखी सोय) नाही. त्या अडीचशे फेऱ्या दोन तास कानात ऐकायला मला नकोत.

‘दीडपट ग्रिप’ हे गृहीतकही तपासून बघू. गाडीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, एका चाकावर 240 धरा. 24 पौंड हवेला टायर जमिनीला टेकतो तो भाग साधारण 140 चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डाहून जरासा मोठा. टायर रुंद केला म्हणून हे पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही, ते फक्त आडवं होतं. अरुंद टायरचं उभं असतं. कोरड्या रस्त्यावर वळणात आडवं पोस्टकार्ड जास्त धरतं, हे मी मान्य करतो, रेसवाले वेडे नाहीत. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर उभ्याचा पुढचा भाग पाणी बाजूला सारतो आणि मागच्याला डांबर सापडतं. रुंद टायर त्याच वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो. आणि वॉरिकशरमध्ये कोरडा रस्ता किती दिवस असतो, ते आमच्या घरच्या दोरीवरच्या कपड्यांना विचारा.

शिवाय ही ग्रिप पेलायची कुणी? पुढे 1950 च्या दशकातले लिव्हरचे शॉक ॲब्सॉर्बर, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, स्टीअरिंगला पॉवर नाही. ही गाडी 1962 मध्ये आली तेव्हा तिला 5.60-14 चे क्रॉसप्लाय, म्हणजे रेडियलच्या आधीच्या जुन्या बांधणीचे टायर होते. (आपल्या पद्मिनीचे 5.20-14. म्हणजे रिमचा व्यास तोच. बाबांच्या पद्मिनीला रिमोल्ड टायर घालून आम्ही कसारा घाट चढलो आहोत, त्यामुळे बारीक टायरांची मला लाज कधीच वाटली नाही.) अशा गाडीला टायर हा सस्पेन्शनचाच एक भाग असतो. उंच बाजूचा टायर वळणात आधी थोडा वाकतो, कुरकुरतो, मग हळूच सरकायला लागतो. हाताला कळतं. पायाला कळतं. तुम्ही पाय सैल सोडता आणि ती परत ओळीत येते.

इथे एका मित्राची एमजीबी आहे, तिला साडेपाच इंची अलॉय आणि 195/60. आम्ही एकदा गाड्या अदलाबदल करून सन रायझिंग हिलवर गेलो. स्ट्रॅटफर्डहून बॅनबरीकडे जाताना हा छोटासा पण चांगलाच तीव्र चढ लागतो, मध्ये कोपराएवढं अरुंद वळण. त्याची गाडी त्या वळणात माझ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वेगाने गेली, हे लिहून देतो. पण ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ती स्वतःच्या मर्जीने डावी-उजवी होत होती, आणि वर पार्किंगमध्ये ती वळवताना माझे खांदे भरून आले. तो उतरला आणि माझी किल्ली परत देताना म्हणाला, ‘तुझी हळू जाते, पण बोलते.’ त्याने अजून टायर बदललेले नाहीत. त्याला त्याच्या गाडीतून शर्यतींच्या ट्रॅकवर जायचं असतं, त्याचं बरोबर आहे.

तुमच्या लेखी मी शिष्ट असेन, पण खरा शिष्ट असतो तर क्रॉसप्लायच घेतले असते आणि प्रदर्शनात गाडी उभी करून माणसांना हात लावू दिला नसता.

किमतीबद्दल तुमचं खरं आहे. जेवढे पैसे गेले तेवढ्यात साध्या आधुनिक टायरांचे दोन संच आले असते. या मापाला गिऱ्हाईक थोडं, म्हणून दर चढा. आणि लेखात मी ‘एच’ स्पीड रेटिंगशिवाय घेऊ नका असं ठणकावून लिहिलं, ते अतीच झालं. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर. ही गाडी जोर लावून 165-170 गाठते. 180 चं ‘एस’ किंवा 190 चं ‘टी’ पुरलं असतं. मला या मापात मनासारखा मिळाला तो टायर एच होता, एवढंच. लेखात दुरुस्ती केली आहे. तसंच, ज्यांच्या एमजीबीला पाच इंची पत्र्याची रोस्टाइल चाकं आहेत त्यांनी 185/70 घातले तर काहीच बिघडत नाही, व्यासही जवळपास तोच राहतो. माझ्या साडेचार इंची रिमवर ते अगदी किमान मर्यादेवर बसतात आणि मागे डावीकडे मडगार्डच्या आतल्या कडेला घासतात. मी कागदाची पट्टी सरकवून पाहिलं होतं, ती अडकली.

ट्यूबबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गॅरेजवाल्या माणसाला हे सांगायला हवं. तारांच्या चाकात ताराच रिममधून आरपार येतात, म्हणून ट्यूब लागतेच. पूर्वी एका दुकानाने अशाच चाकांवर आधुनिक ट्यूबलेस टायर चढवून आत ट्यूब सरकवून दिली. तीनशे मैलांनी भर पावसात मागचं चाक बसलं. ट्यूब बाहेर काढली तर एका जागी ती पोळपाटाएवढ्या वर्तुळात पातळ झालेली, मध्ये टाचणीएवढं भोक. टायरच्या आत कारखान्याचा कागदी स्टिकर तसाच होता, त्याची कड दर फेरीला ट्यूबला कानशीसारखी घासत राहिली. आत पावडरही मारलेली नव्हती. आपल्याकडे रस्त्याकडेचा पंक्चरवालासुद्धा ट्यूब घालण्याआधी टायरमध्ये हात फिरवतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हवा हँडबुकात पुढे 21, मागे 24 सांगितली आहे. मी 24 आणि 26 ठेवतो, सकाळी टायर थंड असताना.

आता स्टेपनी. तुमचा प्रश्न वाचून काल डिकी उघडली. सामान, गालिचा, जॅक बाजूला करून चाक बाहेर काढलं. टायर काळाभोर, नक्षीवरचे रबराचे केस शाबूत, रस्त्याला कधी लागलेलाच नाही. त्यावर आकडे चार नाहीत, तीनच आहेत: 218, आणि शेजारी छोटा त्रिकोण. तीन आकडे म्हणजे 2000 च्या आधीचा, त्रिकोण म्हणजे नव्वदच्या दशकातला. 1998 च्या मेमधला. वय आणि चिरा यांवर दोन हजार शब्दांचा लेख लिहिताना मी हा टायर डिकीत घेऊन फिरत होतो.

पाचवा टायर आज सकाळी मागवला आहे. जुना टाकून देण्याआधी त्याच्या बाजूला ड्रिलने चार भोकं पाडली, कुणी उचलून ट्रेलरला लावू नये म्हणून.